दोन विद्यापीठांची एक सनद

गेल्या वर्षी बारावीचा निकाल लागल्यावर मलकापूर तालुक्यातील एक पालक एक रंगीत पुस्तिका घेऊन माझ्याकडे आले. व्यवसाय शिवणकामाचा, मुलगी विज्ञान शाखेत चांगल्या गुणांनी उत्तीर्ण झालेली. पुस्तिकेच्या मुखपृष्ठावर घुमटाच्या एका इमारतीचे चित्र होते आणि खाली ठळक अक्षरांत छापले होते की, एकाच फीमध्ये दोन पदव्या मिळतील, एक देशी व एक विलायती. पहिल्या हप्त्यासाठी घराशेजारचा प्लॉट विकण्याची त्यांची तयारी झाली होती. सौद्याची बोलणीही सुरू होती. पुस्तिका माझ्यापुढे ठेवून त्यांनी एवढेच विचारले, "सर, ये सनद चलेगी क्या?"

प्रश्न चार शब्दांचा होता. तीस वर्षे शिक्षकी केलेल्या माणसाला त्याचे उत्तर पटकन देता आले नाही, हे येथे कबूल करणे भाग आहे. दोन विद्यापीठे मिळून एका विद्यार्थ्याला पदवी देतात ही गोष्ट खरी आहे काय, असल्यास केव्हापासून, आणि त्यात खरे कोणते व खोटे कोणते हे कसे ओळखावे, याचा शोध घेताना मी इतिहासात बराच मागे गेलो. आमच्या स्मरणिकेच्या संपादक मंडळाने लेख मागितला तेव्हा तेच टिपण पालकांपुढे ठेवावे असे वाटले.

त्या गृहस्थांनी 'डिग्री' हा शब्द न वापरता 'सनद' हा शब्द वापरला, हे मला महत्त्वाचे वाटते. हा शब्द आपल्याकडे विद्यापीठांच्या फार आधीपासून आहे. जुन्या काळी शिक्षण पुरे झाल्याचा दाखला मदरशाची इमारत किंवा तिचे व्यवस्थापक देत नसत, उस्ताद देत असत. विद्यार्थ्याने उस्तादापुढे बसून अमुक ग्रंथ वाचला, तो त्याला समजला, आता तो इतरांना शिकविण्यास हरकत नाही, अशी लेखी परवानगी म्हणजे इजाजत. तीत उस्तादाचे नाव असे, त्या उस्तादाने ज्यांच्याकडून तो ग्रंथ घेतला त्यांचे नाव असे, आणि अशी साखळी ग्रंथकर्त्यापर्यंत जाई. सनद खरी की खोटी हे या साखळीवरून ठरत असे. एका विद्यार्थ्याकडे दहा शहरांतील दहा उस्तादांच्या सनदा असल्या तरी त्यात कोणाला वावगे वाटत नसे, उलट तो त्याचा गौरव समजला जाई. प्रसिद्ध प्रवासी इब्न बतूता याने १३२६ मध्ये दमास्कसच्या मुक्कामात अशा इजाजती मिळविल्याचे आपल्या प्रवासवर्णनात नोंदविले आहे.

एवढ्या दूर जाण्याचेही कारण नाही. मलकापूरहून उत्तरेला तापीच्या काठी बुऱ्हाणपूर आहे. आपल्या जिल्ह्यातील कित्येक घराण्यांच्या सोयरिकी आजही तेथे होतात. या बुऱ्हाणपूरमध्ये पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धात शेख अली मुत्तकी यांचा जन्म झाला. त्यांनी मुलतानला जाऊन शिक्षण घेतले, गुजरातेत काही काळ काढला व पुढे मक्केला जाऊन तेथील विद्वानांकडून हदीसची विद्या घेतली. त्यांनी रचलेला 'कन्जुल उम्माल' हा हदीसचा प्रचंड संग्रह आजही जगभर वापरला जातो. १५६७ मध्ये मक्केतच त्यांचे निधन झाले. त्यांचे शिष्य अब्दुल वहाब मुत्तकी यांनी मक्केत अध्यापन केले, आणि दिल्लीचे शेख अब्दुल हक हे त्यांच्याकडे शिकून परत आले व दिल्लीत हदीसचे अध्यापन त्यांनी रुजविले. मुलतान, बुऱ्हाणपूर, मक्का व दिल्ली यांच्यात कोणताही करार झालेला नव्हता. तथापि एका ठिकाणची विद्या दुसऱ्या ठिकाणी मान्य होत असे, कारण शिकविणारा कोण होता हे दोन्हीकडे ठाऊक असे.

इंग्रजी अमदानीत ही पद्धत पार बदलली. १८५७ मध्ये कलकत्ता, मुंबई व मद्रास येथे विद्यापीठे स्थापन झाली ती लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर. लंडन विद्यापीठ १८३६ चे, आणि त्याचे त्या वेळचे मुख्य काम शिकविणे हे नसून परीक्षा घेणे हे होते. १८५८ पासून तर लंडनच्या परीक्षेला कोणीही, कोठेही अभ्यास करून बसावे अशी मुभा मिळाली. शिकविणारा एकीकडे व सही करणारा दुसरीकडे, हा प्रकार तेव्हापासूनचा आहे. आपल्या देशात महाविद्यालयांनी शिकवावे व दूरच्या विद्यापीठाने परीक्षा घेऊन पदवी द्यावी, अशी घडी बसली. नागपूरची महाविद्यालये आधी कलकत्त्याशी व नंतर अलाहाबादशी संलग्न होती. सर सय्यद यांच्या अलीगढच्या कॉलेजचाही प्रवास असाच कलकत्ता व मग अलाहाबाद असा झाला, आणि १९२० मध्ये ते स्वतःच विद्यापीठ बनले. १९०४ च्या विद्यापीठ कायद्याने प्रत्येक विद्यापीठाची हद्द ठरविण्याचा अधिकार सरकारने आपल्याकडे घेतला. जमिनीला जशी शीव असते तशी विद्येलाही शीव पडली.

आपल्या भागाला जवळचे विद्यापीठ मिळाले ते ४ ऑगस्ट १९२३ रोजी, नागपूरला. अमरावतीचे किंग एडवर्ड कॉलेज त्याच वर्षी सुरू झाले. पुढे साठ वर्षे बुलढाणा जिल्ह्यातील पदवीधर नागपूरच्या नावाने ओळखले गेले. १ मे १९८३ रोजी अमरावती विद्यापीठ स्थापन झाले आणि जिल्ह्यातील महाविद्यालये त्याच्या कक्षेत आली. जिल्ह्यात आजही अशी घरे आहेत की, थोरल्या भावाची पदवी नागपूरची व धाकट्याची अमरावतीची. महाविद्यालय तेच, बाके तीच, बहुतेक प्राध्यापकही तेच. सही मात्र वेगळी. एका विद्यापीठातून दुसऱ्यात जाणाऱ्या विद्यार्थ्याला मायग्रेशन सर्टिफिकेटसाठी किती खेटे घालावे लागत हे जुन्या मंडळींना आठवत असेल. पहिल्याने सोडल्याशिवाय दुसरा घेत नसे. एका वेळी दोन्हींचे असणे ही कल्पनाच या व्यवस्थेत बसत नव्हती.

तरीही काही माणसांनी ही शीव ओलांडली. परंतु ती त्यांनी एकट्याने, स्वतःच्या हिकमतीवर ओलांडली. अल्लामा इक्बाल यांचे उदाहरण घ्या. आपण त्यांना कवी म्हणून ओळखतो. विद्यार्थी म्हणून त्यांनी काय खटपट केली हे मुलांना क्वचितच सांगितले जाते. लाहोरला अध्यापन करीत असताना १९०५ मध्ये ते केंब्रिजला गेले. तेथे इराणातील तत्त्वज्ञानाच्या विकासावर त्यांनी प्रबंधिका लिहिली व बी.ए. झाले. त्या काळी केंब्रिजमध्ये पीएच.डी. ही पदवीच नव्हती, ती पहिल्या महायुद्धानंतर आली. म्हणून इक्बाल यांनी त्याच विषयावरील काम जर्मनीतील म्युनिक विद्यापीठाला सादर केले. तेथे ठराविक सत्रे राहण्याची अट त्यांना माफ झाली. हायडेलबर्गला राहून ते जर्मन भाषा शिकले व म्युनिकची डॉक्टरेट त्यांनी मिळविली. हा प्रबंध १९०८ मध्ये लंडनला छापून प्रसिद्ध झाला, आणि त्याच वर्षी ते बॅरिस्टरही झाले. एकच परिश्रम दोन देशांतील दोन विद्यापीठांनी तपासले व दोघांनीही त्यावर मोहोर उमटविली. आजच्या भाषेत ज्याला दुहेरी पदवी म्हणतात तिचा गाभा येथे आहे. नव्हता तो दोन विद्यापीठांमधील करार. म्युनिकला सवलत मिळाली नसती तर सगळेच तेथे थांबले असते.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची कहाणी याहून कठीण आहे. सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर ते १९१३ मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले, १९१५ मध्ये एम.ए. झाले आणि १९१६ मध्ये लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स व ग्रेज इन या दोन्ही ठिकाणी दाखल झाले. शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे १९१७ मध्ये अभ्यास अर्धवट टाकून परतावे लागले. चार वर्षांच्या आत परत यावे एवढी सवलत लंडनने दिली. महायुद्ध चालू होते. त्यांचे सामान ज्या बोटीवर होते ती बोट बुडविली गेली आणि पुस्तके गेली. मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात नोकरी करून, पैसा जमवून, ते १९२० मध्ये पुन्हा लंडनला गेले. १९२१ मध्ये एम.एस्सी. व १९२३ मध्ये डी.एस्सी. झाले. कोलंबियाची पीएच.डी. मिळण्यासाठी प्रबंध छापून देण्याची अट होती. प्रांतिक अर्थव्यवस्थेवरील तो ग्रंथ १९२५ मध्ये निघाला आणि पदवी १९२७ मध्ये हाती पडली. पहिल्यांदा न्यूयॉर्कला पाऊल ठेवल्यापासून चौदा वर्षे! कोलंबियातील त्यांचे गुरू प्रा. सेलिग्मन यांनी लंडनच्या प्रा. फॉक्सवेल यांना त्यांच्याविषयी पत्र लिहिले होते. दोन विद्यापीठांना जोडणारा दुवा काय तो एवढाच, एका गुरूने दुसऱ्याला लिहिलेले पत्र. विचार केला तर ती जुनी सनदच होय.

वऱ्हाडचेच डॉ. पंजाबराव देशमुख हेही त्या पिढीतले. पापळसारख्या खेड्यातून निघालेल्या या माणसाने एडिंबरोची एम.ए., ऑक्सफर्डची डॉक्टरेट व बॅरिस्टरी मिळविली आणि परत येऊन अमरावतीला शिवाजी शिक्षण संस्थेचा वृक्ष लावला. त्याच्या फांद्या आपल्या जिल्ह्यातही पसरल्या आहेत. परंतु अशी माणसे किती? ज्याच्याजवळ असामान्य बुद्धी, अफाट जिद्द आणि एखाद्या महाराजाची शिष्यवृत्ती आहे त्यालाच दोन देशांच्या सनदा मिळणार असतील, तर शिंप्याच्या मुलीने काय करावे?

विद्यापीठांनी आपापसांत बोलणी करावी ही जाणीव युरोपात उशिरा पण पद्धतशीर आली. फ्रान्सने १९९४ मध्ये असा नियम केला की, एका विद्यार्थ्याच्या एकाच प्रबंधाला दोन देशांतील दोन मार्गदर्शक असावेत व दोन्ही विद्यापीठांनी त्याला मान्यता द्यावी. १९९९ मध्ये इटलीतील बोलोन्या शहरी युरोपातील देशांनी आपल्या पदव्या एकमेकांशी जुळत्या करण्याचे ठरविले. २००४ मध्ये इरॅस्मस मुंडस नावाची योजना सुरू झाली. तिच्यात विद्यार्थी दोन किंवा अधिक देशांत शिकून पदव्युत्तर पदवी घेतो व निवड झालेल्याला युरोपीय संघ शिष्यवृत्ती देतो. २०२१ पासूनच्या टप्प्यात ही रक्कम दरमहा १४०० युरो ठेवण्यात आली आणि फीचा बोजा विद्यार्थ्यावर पडत नाही. ही शिष्यवृत्ती मिळविणाऱ्यांत भारतीय विद्यार्थ्यांची संख्या सातत्याने मोठी राहिली आहे. मात्र तिला आधी बी.ए., बी.एस्सी. यांसारखी पदवी लागते; बारावीनंतर तिचा उपयोग नाही.

आपल्या महाराष्ट्रातील ठळक उदाहरण मुंबईत पवईला आहे. २००८ मध्ये आय.आय.टी. मुंबई आणि ऑस्ट्रेलियातील मेलबर्नचे मोनाश विद्यापीठ यांनी मिळून एक संशोधन अकादमी स्थापन केली. योगायोग असा की, या दोन्ही संस्थांचे जन्मवर्ष एकच, १९५८. या अकादमीत पीएच.डी. करणाऱ्या विद्यार्थ्याला एक मार्गदर्शक पवईचा व एक मेलबर्नचा असतो. बराचसा काळ पवईच्या प्रयोगशाळेत जातो, काही महिने मेलबर्नला राहावे लागते, विद्यावेतन मिळते. प्रबंध एकच, आणि शेवटी जे प्रमाणपत्र हाती येते त्यावर दोन्ही संस्थांची नावे. पाणी, ऊर्जा, पदार्थविज्ञान, जैवतंत्रज्ञान अशा विषयांवर तेथे काम चालत आले आहे. मेलबर्नचे घड्याळ आपल्यापुढे साडेचार तास, तिकडील उन्हाळ्यात साडेपाच. तेव्हा दोन मार्गदर्शक व एक विद्यार्थी यांनी एका वेळी बोलायचे म्हटले तरी घड्याळाचा हिशेब करावा लागतो. दोन परक्या माणसांनी एका मुलाच्या कामाची जबाबदारी घ्यायची, आणि एकाला पटले नाही तर दुसऱ्यालाही थांबावे लागायचे, ही या पद्धतीतील खरी कसोटी आहे. इक्बाल यांना जे दोन शहरांत एकामागून एक करावे लागले, ते येथे पहिल्या दिवसापासून एकत्र होते.

सर्वसाधारण विद्यापीठांना मात्र हा मार्ग फारसा मोकळा नव्हता. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१२ मध्ये नियम केले, २०१६ मध्ये बदलले, परंतु त्यांतून फारसे निष्पन्न झाले नाही. मे २०२२ मध्ये नवे नियम राजपत्रात आले. पालकांनी समजून घ्यावे ते येथे आहे. या नियमांत तीन प्रकार आहेत. ट्विनिंग म्हणजे जुळणीचा अभ्यासक्रम. यात विद्यार्थी अभ्यासाचा काही भाग, जास्तीत जास्त तीस टक्के श्रेयांकांचा, परदेशी विद्यापीठात करतो, पण पदवी देते ती भारतीय संस्था एकटी. संयुक्त पदवीत दोन्हींकडे प्रत्येकी निदान तीस टक्के अभ्यास व्हावा लागतो आणि प्रमाणपत्र एकच, दोन्हींच्या मुद्रेचे. दुहेरी पदवीत दोन प्रमाणपत्रे मिळतात, दोन्हीकडे प्रवेशाच्या अटी वेगवेगळ्या पुऱ्या कराव्या लागतात, आणि निदान तीस टक्के अभ्यास भारतीय संस्थेत झालेला असावा लागतो. दुहेरी पदवी म्हणजे दोन निरनिराळ्या विषयांच्या पदव्या नव्हेत, असे नियमांतच स्पष्ट म्हटले आहे. विषय एकच, पातळी एकच. परवानगीवाचून आपोआप करार करण्यासाठी भारतीय संस्थेला नॅकचे ३.०१ किंवा अधिक गुणांक, किंवा राष्ट्रीय क्रमवारीत विद्यापीठांच्या पहिल्या शंभरात स्थान, किंवा 'इन्स्टिट्यूशन ऑफ एमिनन्स' हा दर्जा असावा लागतो, आणि परदेशी संस्था जगातील दोन मान्य क्रमवाऱ्यांपैकी एकीत पहिल्या हजारात असावी लागते. ऑनलाइन व दूरशिक्षणाला हे नियम लागू नाहीत. नुसते नाव भाड्याने घेऊन वर्ग चालविणे, ज्याला फ्रँचायझी म्हणतात, त्याला मनाई आहे. या नियमांप्रमाणे मिळालेल्या पदवीला पुन्हा समकक्षतेचा दाखला आणावा लागत नाही.

घोटाळा असा झाला की, त्याच वर्षी एप्रिलमध्ये आयोगाने आणखी एक गोष्ट जाहीर केली होती: विद्यार्थ्याला एका वेळी दोन अभ्यासक्रम पुरे करता येतील. ती बाब अगदी वेगळी. एकीकडे बी.एस्सी. करीत असताना दुसरीकडे मुक्त विद्यापीठातून उर्दू साहित्याची पदवी घेणे, हे त्यात बसते. त्यात परदेशाचा किंवा दोन विद्यापीठांमधील कराराचा काही संबंध नाही. शिवाय आय.आय.टी.मध्ये पाच वर्षांत बी.टेक. व एम.टेक. एकत्र देतात, त्यालाही 'ड्युएल डिग्री' म्हणण्याची जुनी वहिवाट आहे. एका शब्दाचे असे तीन अर्थ बाजारात फिरत असले म्हणजे पुस्तिका छापणाऱ्यांचे फावते.

आता त्या पुस्तिकेकडे वळू. आमच्या संस्थेच्या वाचनालयातील संगणकावर ती मुलगी व मी दोन संध्याकाळी बसलो. शोधण्याचे काम तिनेच केले, मी फक्त काय शोधायचे ते सांगत होतो. पुस्तिकेत ज्या भारतीय संस्थेचे नाव होते ती विद्यापीठ नव्हतीच. १९५६ च्या विद्यापीठ अनुदान आयोग कायद्याच्या कलम २२ प्रमाणे पदवी देण्याचा अधिकार केवळ कायद्याने स्थापन झालेल्या विद्यापीठांना, अभिमत विद्यापीठांना व संसदेने तसा अधिकार दिलेल्या संस्थांनाच आहे. आयोग बनावट विद्यापीठांची यादी प्रसिद्ध करतो; तीत नागपूरचेही एक नाव वर्षानुवर्षे झळकत आले आहे, हे आपल्या भागातील पालकांना ठाऊक असलेले बरे. पुस्तिकेतील परदेशी संस्था दोनपैकी एकाही क्रमवारीत आम्हाला सापडली नाही. शेवटच्या पानावर, डोळ्यांना ताण पडेल अशा बारीक टाइपात, 'डिग्री' ऐवजी 'सर्टिफिकेट' हा शब्द होता. तो तिने शोधला. माझ्या चष्म्यातून तो सुटला होता.

वडिलांना हे सांगितले तेव्हा ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, खरी असेल तिथे तरी पाठवता येईल का? हा प्रश्न पहिल्यापेक्षा अवघड. परदेशी शिक्षणासाठी घेतलेल्या कर्जावर अल्पसंख्याक विद्यार्थ्यांना व्याजात सवलत देणारी केंद्र सरकारची 'पढो परदेश' योजना २०२२-२३ पासून बंद झाली. संशोधनासाठीची मौलाना आझाद फेलोशिपही त्याच सुमारास बंद झाली. राज्याच्या मौलाना आझाद अल्पसंख्याक आर्थिक विकास महामंडळाचे शैक्षणिक कर्ज आहे, परंतु कर्ज ते कर्जच. म्हणून ज्या पद्धतीत शिष्यवृत्ती अभ्यासक्रमालाच जोडलेली आहे ती आपल्या घरांना अधिक परवडणारी, असे माझे मत झाले आहे. पवईचे संशोधन किंवा युरोपातील संयुक्त पदव्युत्तर पदवी, दोहोंसाठी आधी येथील शिक्षण चांगल्या रीतीने पुरे करावे लागते. जिल्ह्याच्या महाविद्यालयातून तेथवर जाता येते काय? कागदावर तरी आडकाठी नाही. इंग्रजीची तयारी, प्रयोगशाळेतील खरे काम आणि दोन प्राध्यापकांची मनापासून लिहिलेली शिफारसपत्रे, एवढे मात्र लागते. शिफारसपत्राचे मोल आमच्या महाविद्यालयांत अजून पुरेसे ओळखले गेलेले नाही. विद्यार्थी अखेरच्या आठवड्यात कोरा कागद घेऊन येतो, आणि सर त्यावर सगळ्यांना लिहून देतात तेच चार ओळींत लिहून देतात. सेलिग्मनने फॉक्सवेलला लिहिलेले पत्र अशा मासल्याचे खास नसणार.

प्लॉट विकला गेला नाही. मुलीने जिल्ह्यातच बी.एस्सी.ला प्रवेश घेतला, रसायनशास्त्र घेऊन ती आता दुसऱ्या वर्षाला आहे. इरॅस्मस मुंडसच्या ज्या अभ्यासक्रमांत रसायनशास्त्र येते त्यांची नावे तिने एका वहीत उतरून काढली आहेत. त्यांतील बहुतेकांच्या अर्जांची मुदत जानेवारीच्या सुमारास संपते, म्हणजे तिसऱ्या वर्षाचा निकाल लागण्यापूर्वीच अर्ज करावा लागणार, हेही तिनेच मला दाखविले. पासपोर्ट अजून काढलेला नाही. त्याच्या कामासाठी पुढच्या महिन्यात वडील एक दिवस दुकान बंद ठेवणार आहेत.